करवंद ठाऊक, करवंदीचे फूल?

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करते. करवंद खाल्लेले नाही असा माणूस आपल्यात शोधून सापडणार नाही. गावी खाल्लेले असेल, नाहीतर स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात घेऊन खाल्लेले असेल. फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी, हा खेळही सर्वांनी खेळलेला. पण करवंदीचे फूल कसे असते? रंग कोणता, पाकळ्या किती, येते कोणत्या महिन्यात?

हाच प्रश्न मी आमच्या विहारातील महिला मंडळाच्या बैठकीत विचारला होता. बावीस भगिनी हजर होत्या. बरोबर उत्तर दोघींनी दिले, आणि त्या दोघीही साठीच्या पुढच्या, कोकणात वाढलेल्या. बाकीच्या हसल्या. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते, आणि गंमत अशी की त्या फुलाचा फोटो मी त्याच्या वीस वर्षे आधी काढलेला होता.

ती हकिकत अशी. १९९९ साली कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी कोंढाणे लेणी पाहायला गेलो होतो. कर्जतहून कोंदिवडे गावापर्यंत जायचे आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून पायवाट. वाटेत पांढऱ्या फुलांनी भरलेले एक झुडूप दिसले आणि वास असा की पाय थांबले. मैत्रिणीकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातला एक मी हट्टाने त्या झुडपावर घालवला, अगदी जवळ जाऊन. रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत हिरव्यावर पांढरे धुके होते. आई म्हणाली, "पैसे देऊन चिखल काढून आणलास होय?" फोटो ट्रंकेत गेला, विषय संपला.

पुढे नोकरी, लग्न, मुले. मी कचेरीत खातेवही सांभाळणारी कारकून. बी.कॉम. झाले, त्यामुळे जमा-नावे कळते, झाडाझुडपांचे शास्त्र कळत नाही. मात्र विहारात मुलांचा रविवारचा वर्ग आम्ही काही जण चालवतो, आणि महिन्यातून एका रविवारी मुलांना डोंगरात नेतो. कधी लेणी, कधी किल्ला, कधी नुसतेच रान. खर्च एस.टी.च्या आणि लोकलच्या तिकिटाचा, जेवण ज्याच्या त्याच्या डब्यातले.

मे २०१८ मधल्या अशाच एका सहलीत माझ्या हातून चूक झाली. झुडपाखाली उभे राहून मी मुलांना सांगितले, "हिरवे खाऊ नका, काळे झाले की पिकले." मुलांनी करवंदे खाल्ली. दहा वर्षांचा एक मुलगा जरा मागे राहिला होता. त्याला वाटेत दुसरेच झुडूप भेटले. बारीक मण्यांचे घोस, काही काळे, काही हिरवे. बाईंनी सांगितलेला नियम त्याने लावला, आणि घाईत हिरवेही ओंजळभर तोंडात टाकले. ती घाणेरी होती, जिला कुठे टणटणीही म्हणतात. तिची पिकलेली काळी फळे खेड्यातली पोरे खातात, पण हिरवी कच्ची विषारी. तासाभरात पोराला उलट्या सुरू झाल्या. आरोग्य केंद्रात संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यावे लागले. पोर बरे झाले. त्याच्या आईने मला एका शब्दाने दुखावले नाही, आणि त्याचेच मला अधिक लागले.

त्या रात्री विचार केला की मी त्या मुलाला झाड दाखवलेच नव्हते, फक्त रंग सांगितला होता. झुडूप ओळखायचे तर पान पाहावे लागते, काटा पाहावा लागतो आणि सर्वांत आधी फूल. घाणेरीचे फूल मे महिन्यातही फळाशेजारीच असते, पिवळ्या-गुलाबी रंगाचा छोटा गुच्छ. पान चुरगळले तर उग्र दर्प. हे झाड मूळचे आपले नव्हे. शोभेसाठी म्हणून १८०९ साली कलकत्त्याच्या बागेत आणले आणि तिथून देशभर रान व्यापून बसले. करवंदीला मे महिन्यात बहुतेक फूल उरलेले नसते. एवढे जरी मी सांगितले असते तरी मुलगा थांबला असता. पण सांगणार कशी? मीच पाहिलेले नव्हते.

म्हणून पुढच्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये, मी हातात मोबाईल घेऊन कर्जत तालुक्यातल्या एका टेकडीवर गेले. तिथे पांढऱ्या फुलांचे झुडूप सापडले. वास तोच, वीस वर्षांपूर्वीचा. फोटो चांगले आले. रानजुईचा पत्ता लागला म्हणून खुशीत घरी आले आणि मोबाईलवर झाडे ओळखून देण्याची जी सोय असते तिला विचारले. तिनेही जाई-जुईच्या कुळातले नाव दिले. मग सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "ही कसली जुई? करवंदीचा फुलोरा हाय ह्यो. काटं दिसत न्हाईत का तुला?"

काटे फोटोत होतेच. मी फुलाकडे पाहत होते, त्यांनी झुडूप पाहिले.

मग बसून एकेक फोटो पुन्हा पाहिला. करवंदीच्या फुलाला पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या एका बाजूला किंचित वळलेल्या, आणि खाली बारीक नळी. कळी गुलाबी छटेची. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत. काटे ताठ, कधी टोकाशी दुभंगलेले. पान तोडले की पांढरा चीक. रानातली जी खरी जुईसारखी वेल आहे, जिला कुसर म्हणतात, तिला काटा नाही, चीक नाही आणि अरुंद पाकळ्या पाचाहून जास्त. चीक दिसला म्हणजे करवंदच असेही समजू नये. कण्हेर त्याच कुळातली, तिलाही चीक, आणि ती तर जिवावर बेतणारी विषारी. फोटोवरून झाड ओळखता येते. त्याचे फळ खायचे की नाही, ते मात्र त्या रानातल्या जाणत्या माणसाला प्रत्यक्ष दाखवून विचारायचे. हा नियम आता आमच्या वर्गात पक्का आहे.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या मुलालाही, म्हणजे माझ्या यजमानांनाही, ठाऊक नव्हती. त्यांचे माहेर माणगाव तालुक्यातले. लहानपणी वैशाखात त्या आपल्या आईबरोबर पहाटे डोंगरावर जात, पाटी भरून करवंदे काढत आणि एस.टी. थांब्यावर विकायला बसत. हात ओरबाडलेले, चिकाने काळे झालेले. मी विचारले, "मग एवढी वर्षे मुंबईत तुम्ही कधी करवंदे का घेतली नाहीत?" म्हणाल्या, "गिऱ्हाईक हातातून द्रोन घेत न्हवतं. खाली ठेव म्हनायचं. आमी खाली ठेवायचा, मग त्यानं उचलायचा. पैसं बी तसंच, जमिनीवर." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खायाला गोड लागायची त्यांना."

मी मोबाईल बंद केला. त्यांनी तो पुन्हा मागून घेतला आणि फूल आणखी एकदा पाहिले.

तेव्हापासून मी एक नोंदवही ठेवली आहे. कारकुनाची सवय, दुसरे काय. प्रत्येक झुडपाला दोन समोरासमोरची पाने. डावीकडे फुलाचा फोटो, तारीख, जागा. उजवीकडे त्याच झुडपाच्या फळाचा फोटो, तारीख. दोन्ही बाजू भरल्याशिवाय ते खाते मी जुळलेले धरत नाही. फूल मिळाले आणि फळाच्या वेळी जाणे झाले नाही, तर पान कोरे. २०२० ची उजवी बाजू सगळीच कोरी आहे, टाळेबंदीमुळे. एका झुडपापाशी वर्षातून तीनदा तरी जावे लागते. कळी-फुलाला, कच्च्या फळाला, पिकल्या फळाला. धबधबा पाहायला म्हणून पावसाळ्यात डोंगर गाठणाऱ्यांना यातले काही दिसत नाही, कारण आपल्या बहुतेक रानमेव्याचा फुलोरा थंडी सरताना येऊन जातो आणि पावसाआधी फळ संपत आलेले असते. बोर तेवढी उलट्या चालीची. तिचे बारीक हिरवट फूल पावसाळ्यात येते आणि फळ थंडीत.

फोटो कसे काढायचे हे काही भगिनींनी विचारले होते, म्हणून अनुभवाचे चार शब्द. महागडा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाईल पुरतो, पण पांढरे फूल भर उन्हात काढू नये. नऊच्या आत पोहोचावे. उशीर झालाच तर फुलावर सावली धरावी. त्यासाठी आम्ही काळी छत्री नेतो. फेब्रुवारीत छत्र्या घेऊन चाललेली वरात पाहून गावकरी विचारतात, "पाऊस कुठं बघितला?" मोबाईलच्या पडद्यावर फुलावर बोट ठेवले की उजेड कमी-जास्त करण्याची खूण येते. पांढऱ्या फुलाला उजेड थोडा कमी करावा, म्हणजे पाकळीची घडी दिसते, नाहीतर माझ्या १९९९ च्या फोटोसारखे धुके. फार जवळ जाऊ नये. वीतभर अंतर ठेवून काढावा आणि नंतर कापून मोठा करावा. वारा असेल तर एका मुलाला फांदी खालून अलगद धरायला सांगावे. फूल एकटे काढून भागत नाही. अख्खे झुडूप, पानाची पुढची बाजू, पाठ, काटा, फूल समोरून आणि फूल बाजूने, असे सगळे हवे. एका फोटोत शेजारी दहा रुपयांचे नाणे धरावे, त्याची रुंदी २७ मिलिमीटर, म्हणजे फुलाचा आकार घरी बसून मोजता येतो. पानाची पाठ का, असे मुले विचारतात. तोरणाच्या पानाची पाठ हात लावून पाहा, लवेने पांढुरकी असते. समोरून पाहिले तर शेजारच्या चार झुडपांसारखेच पान.

मोठ्या शास्त्रज्ञांचेही फुलावाचून चालत नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. फूल किंवा फळ असलेली डहाळी असेल तरच नमुना खरा कामाचा, नुसत्या पानाच्या डहाळीवर नाव ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते. आपण डहाळी तोडायची नाही, फोटोवर भागवायचे, एवढाच फरक.

सर्वांत जास्त दमवले ते अंजनीने. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे लाल मातीची वाट आणि दोन्ही बाजूंना झाडी. तिथे अंजनी भरपूर. तिचे फूल पाहिले नाही तर सांगून पटायचे नाही. पानांखालच्या उघड्या फांदीला चिकटून, कोणी निळ्या-जांभळ्या लोकरीचे गोंडे बांधावेत तसा फुलोरा येतो. फळ मण्याएवढे, पिकले की जांभळट काळे, खाता येते. लाकूड अतिशय टणक. दोन वर्षे आम्ही उशिरा पोहोचलो आणि वाटेवर गळालेला निळा सडा पाहून परतलो. तिसऱ्या वर्षी मी कचेरीतून मधल्या वारी रजा काढली. साहेबांनी कारण विचारले. "घरगुती काम" असे लिहिले. फुले पाहायला जायचे आहे असे अर्जात लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

फोटो काढतानाही आपल्याकडून नुकसान होते, हे एका बाईने दाखवून दिले. फेब्रुवारीतला रविवार होता. वर्गातल्या मुलींनी करवंदीचे झुबके तोडून केसांत माळले होते आणि मी कौतुकाने त्यांचे फोटो काढत होते. डोक्यावर मोळी घेतलेली एक ठाकर बाई वाटेने उतरत होती. ती थांबली. "ताई, वैशाखात येनार ना करवंदं घ्यायला?" मी हो म्हटले. "मग आता कशाला खुडता?" एवढेच बोलली आणि गेली. कर्जत-नेरळकडच्या ठाकर, कातकरी बायका उन्हाळ्यात हीच करवंदे, तोरणे आणि जांभळे विकून घरात चार पैसे आणतात. एकेका झुबक्यात किती फुले असतात ते आम्ही मग मोजू लागलो. माझ्या सासूबाईंची पाटी अशाच झुडपावरून भरत होती, आणि मला ते त्या बाईने सांगेपर्यंत सुचले नाही. रानातल्या गौण उपजावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. आपण मुंबई-पुण्याहून जाऊन पिशव्या भरणारे त्या रानातले पाहुणे. कान्हेरी लेण्यांभोवतीचे रान तर राष्ट्रीय उद्यानाचे, तिथे फूल काय, पानही तोडायचे नाही.

फुलोऱ्याचा दुसरा वैरी म्हणजे वणवा. माघ-फाल्गुनात गवत वाळते, कोणी विडी टाकतो, कोणी मुद्दाम पेटवतो, आणि नेमका तोच करवंदीचा फुलण्याचा काळ. जळलेल्या उतारावर आम्ही एकदा फोटो काढले. काळ्या काटक्या आणि टोकाला कोमेजलेले चार झुबके. मूळ जिवंत असले तर पावसात झुडूप पुन्हा फुटते, पण त्या वर्षीचे फळ गेलेच.

मूळ मात्र माणूस काढतो. २०१९ मध्ये जिथे मला करवंदीचे फूल मिळाले ती टेकडी २०२३ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा पाहायला गेलो. यंत्राने उतार सपाट केला होता. खुणेचे दगड, तारेचे कुंपण, प्लॉटचे नंबर. वाटेवर एक फलक होता, त्यावर निसर्गाच्या कुशीत घर असे लिहिलेले आणि खाली कुठल्याशा परदेशी फुलांचे चित्र. मुलांना मी नोंदवहीतले फोटो काढून दाखवले आणि इथेच ते झुडूप होते म्हणून सांगितले. त्यातल्या एका मुलीने मोबाईलमध्ये जागेची खूण तपासली. फोटोतली जागा आणि आम्ही उभे होतो ती जागा एकच निघाली. तिने सपाट केलेल्या मातीचाही एक फोटो काढला आणि म्हणाली, "मॅडम, हाही चिकटवायचा ना?" चिकटवला आहे. उजव्या बाजूला, फळाच्या जागी.

वहीत सध्या अकरा खाती आहेत, त्यातली सात जुळलेली. राहिलेल्यांत अळू आहे. भाजीचे अळू नव्हे, रानातले काटेरी अळू, ज्याचे तपकिरी फळ बाजारात येते. आणि तोरण आहे. तोरणाचे फळ मिळाले, पांढरे, मण्यासारखे, आत बीच मोठी आणि गर नावाला. फूल मिळत नाही. म्हणजे दिसत नाही. ते इतके बारीक आणि हिरवट-पिवळे की समोर असून आम्ही दोनदा पुढे निघून गेलो असू.

सासूबाईंची नजर आता फार मंदावली आहे. ऐंशी ओलांडली. रविवारी संध्याकाळी मी परतले की विचारतात, "तोरनाचा गावला का?" नाही म्हटले की सांगतात, त्यांच्या माहेरच्या गावामागे ओढा आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन तोरणी होत्या, उभ्या कातळाला टेकलेल्या. पौषात जा, म्हणतात, फुलाकडे बघू नकोस, माश्या कुठे घोंगावतात ते बघ. त्या गावाला त्या लग्नानंतर फार थोड्या वेळा गेल्या. येत्या जानेवारीत तिसऱ्या रविवारी आम्ही जाणार आहोत. वर्गातली नऊ मुले, माझे यजमान आणि मी. ओढ्यापर्यंत रस्ता झाला आहे असे भाच्याने फोनवर सांगितले, तेव्हा सासूबाईही येतो म्हणतात. खुर्ची न्यावी लागेल.